शिवाजी पार्कचा पूर्वेतिहास

दादरच्या ज्या मैदानावर आपल्या ज्ञातींतील कित्येक घरांच्या तीन-तीन पिढ्या खेळल्या, त्याचें मूळ प्लेगच्या साथींत आहे, हें तरुण मंडळींस सहसा ठाऊक नसतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. दाट चाळींत हवा नाहीं, उजेड नाहीं. माणसें पटापट दगावलीं, हजारों लोक गांवीं पळाले. तेव्हां कुठें सरकारास जाग आली व १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रुंद रस्ते, हवेशीर घरें व मोकळी जागा या विचारांतूनच दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. पुढें १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें समुद्राजवळील सुमारें २८ एकरांचें ‘माहीम पार्क’ लोकांस खुलें केलें.

नांव बदललें तें १९२७ सालीं, म्युनिसिपालिटीच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें. निमित्त शिवजन्माच्या त्रिशताब्दीचें. आजच्या विद्यार्थ्यास हा हिशेब चुकीचा वाटेल. परंतु त्या काळीं शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हेंच जन्मवर्ष रूढ होतें. जेधे शकावलींतील शके १५५१ ची तिथि पुढें मान्य झाली. पार्काच्या नांवांत जुना कालनिर्णय असा दडून राहिला आहे!

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत आचार्य अत्र्यांच्या सभा येथेंच गाजल्या. रमाकांत आचरेकरांनीं सचिन तेंडुलकरास येथेंच घडविलें. दर ६ डिसेंबरास चैत्यभूमीच्या दर्शनास येणारा जनसमुदाय याच मैदानावर विसांवतो. एवढें सारें सामावलें, कारण मैदान मोकळें राहिलें.

उद्यान सुधारणें म्हणजे त्यांत कांहींतरी बांधणें, असा अलीकडे समज झाला आहे. तो मला मान्य नाहीं. २०१० सालीं उच्च न्यायालयानें हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, ती खरी सुधारणा. २०२१ च्या सुमारास महापालिकेनें पावसाचें पाणी मुरविण्याची योजना हातीं घेतली, तीहि योग्यच. परंतु मैदानावर पसरलेली तांबडी माती कोरड्या दिवसांत उडून भोंवतालच्या घरांत जाऊं लागली. स्वच्छ हवेसाठीं वसविलेल्या वस्तींत खिडक्या लावून बसण्याची पाळी यावी, याला काय म्हणावें? हिरवळ राखणें व नियमित पाणी शिंपडणें हाच साधा उपाय आहे. कट्ट्यावर रोज बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनीं यावर लक्ष ठेवावें, आणि हयगय दिसल्यास जी-उत्तर विभाग कार्यालयास लेखी कळवावें.