क्रिओसोट झुडपाचे तीन वंश

चिवावा, सोनोरा आणि मोहावे ही उत्तर अमेरिकेतली तीन वाळवंटे. तिन्हींत क्रिओसोटचे झुडूप (लॅरिया ट्रायडेंटाटा) मैलोन्‌मैल पसरलेले दिसते. राळेने चकाकणारी बारीक पाने, पिवळी फुले आणि पाऊस पडताच सुटणारा उग्र वास सगळीकडे सारखाच. कुळ मात्र आपल्या ओळखीचे: पायात रुतणाऱ्या सराट्याचे.

खरा फरक पेशीकेंद्रात आहे. चिवावातल्या झुडपांत 26 गुणसूत्रे असतात, सोनोरात 52, मोहावेत 78. दक्षिण अमेरिकेतली जवळची नातेवाईक जात, लॅरिया डायव्हरिकाटा, चिवावातल्या झुडपांप्रमाणे द्विगुणितच, म्हणजे गुणसूत्रांच्या दोन संचांची, आहे. मूळ वंश तिकडूनच आला आणि गुणसूत्रांचे संच उत्तर अमेरिकेत आल्यावर वाढले, असे मानले जाते. संच वाढले की पेशीही मोठ्या होतात. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींचा आकार मोजून वंशाचा अंदाज बांधता येतो, तो याचमुळे. खडकांच्या कपारीत रानउंदरांनी जमवलेला आणि त्यांच्याच मुतात थिजून टिकलेला पालापाचोळा हजारो वर्षांचा असतो. त्यातल्या पानांवर हेच मोजमाप करून हिमयुगानंतर हे वंश उत्तरेकडे कसे सरकले, याचा माग काढता आला.

चिवावात पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो, मोहावेत हिवाळ्यात, सोनोरात दोन्ही ऋतूंत. गुणसूत्रांचा नकाशा पावसाच्या नकाशाशी बराच जुळतो, म्हणून जादा संचांनीच कोरडेपणा सोसण्याची ताकद दिली, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ही घाई वाटते. सोनोरातल्या अल्गोडोनेस टेकड्यांच्या सरकत्या वाळूत वाढणारा वेगळा प्रकार सोनोरातल्या इतर झुडपांसारखा चतुर्गुणितच, म्हणजे चार संचांचा, आहे. तेव्हा संच न वाढताही स्थानिक रूप घडू शकते.

दुसरे कारण काळाचे. मोहावेतले ‘किंग क्लोन’ नावाचे क्रिओसोट झुडपांचे कडे एकाच बीजातून, मधला भाग मरत आणि कडा बाहेर सरकत वाढले. फ्रँक वासेक यांनी 1980 साली त्याचे वय सुमारे 11,700 वर्षे काढले. रोपे क्वचितच जगतात आणि एकेक झुडूप असे टिकून राहते, तिथे हजारो वर्षांतही पिढ्या थोड्याच होतात. आजच्या सीमारेषांत आजच्या पावसाइतकाच जुन्या स्थलांतराचाही वाटा असणार. तिन्ही वंशांना एकच नाव ठेवणे ही सध्या वर्गीकरणाची सोय आहे. वेगवेगळ्या संचांच्या झुडपांचा संकर सहज सुपीक होत नाही, हे पाहता त्यांना तीन जाती म्हणणाऱ्यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते.