रिलेची गोष्ट

वाचकहो, पूर्वी लांबची डाक घोड्यावरून जायची, तेव्हा वाटेत टप्पे असत. दमलेला घोडा तिथे सोडायचा आणि ताज्या घोड्यावर पुढे निघायचे. टप्प्यावरच्या या ताज्या घोड्यांना इंग्रजीत 'रिले' म्हणत. तेच नाव पुढे विजेच्या एका लहानशा यंत्राला मिळाले.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री नावाचे प्राध्यापक होते. १८३५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना एक युक्ती दाखवली. लांबून आलेल्या क्षीण प्रवाहाने एक लहान लोहचुंबक चालवायचे आणि त्याच्याकडून दुसऱ्या जोरकस प्रवाहाची वाट जोडायची वा तोडायची. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी मोर्सची तार सुरू झाली, तीत हीच युक्ती कामाला आली. रिले जन्मला तो असा.

पुढे या गड्याला दिवे लावण्याच्या कामाला जुंपले आणि नवी अडचण उभी राहिली. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार तयार केली. ही तार थंड असताना प्रवाहाला फार थोडा अडथळा करते. म्हणून दिवा लावताक्षणी नेहमीच्या दहापट, कधी त्याहूनही अधिक प्रवाह खेचतो.

आजचे इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट आणि एलईडीचे ड्रायव्हर याहून हावरे. त्यांच्या पोटात कंडेन्सर असतो. रिकाम्या रांजणावर पाट सोडावा, तशी वीज त्यात धावते. २० वॅटचे ४० दिवे म्हणजे ८०० वॅट. २३० व्होल्टवर साडेतीन अँपियरच्या आसपास. मग १० अँपियरचा रिले पुष्कळ झाला, असे आपल्याला वाटते. पण पहिल्या क्षणी, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता का होईना, हाच प्रवाह शंभर अँपियरच्याही वर जाऊ शकतो. नेमकी त्याच वेळी रिलेची टोके एकमेकांवर आपटून उसळत असतात. ठिणगी पडते, चांदी वितळते आणि टोके वेल्डिंग केल्यासारखी चिकटतात.

मग बटण बंद केले तरी वीज चालूच राहते. 'बंद आहे' या भरवशावर कुणी शिडीवर चढला, तर जिवाशी गाठ!

तेव्हा रिले घेताना नुसता अँपियरचा आकडा पाहू नका. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात पहिल्या झटक्याचा आकडा दिलेला असतो. तो दिव्यांच्या संख्येने गुणा आणि रिले तेवढा झटका सोसतो का, ते विचारा. चांदी व टिन ऑक्साइडची टोके बरी. झटका मोठा असेल, तर टंगस्टनचे टोक आधी टेकून घाव झेलते आणि मागून चांदीचे टोक भार घेते, असा रिले घ्यावा. दिव्यांचे गट पाडून ते एकामागून एक लावावेत, हेही उत्तम. आणि दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून वीज खरोखर गेली आहे ना, हे तपासल्याशिवाय तारेला हात लावू नये.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढे जरूर सांगा: घोडा सपाटीवर कसा पळतो एवढेच पाहू नये, पहिला चढ त्याला झेपतो का, तेही पाहावे.