गळ्याचा बॉक्स, गिटारचा बॉक्स

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं लंडन डोळ्यांपुढे आणा. गाड्यांना पेट्रोल नाही. एक विशीतला पोरगा संध्याकाळी सायकलवरून कार्यक्रमाला निघालाय. सायकलच्या मागे एक छोटी गाडी जोडलेली, तिच्यात त्याचा ड्रमसेट आणि स्वतःच्या हाताने बनवलेले स्पीकरचे बॉक्स. पोरगा ड्रम वाजवता वाजवता गातो, आणि आपला आवाज आपल्याच ड्रमखाली दबू नये म्हणून हे बॉक्स ओढत नेतो. नाव जिम मार्शल.

हो, तोच मार्शल. रॉकच्या कुठल्याही फोटोत गिटारवाल्याच्या मागे ती काळ्या खोक्यांची भिंत दिसते ना, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात ज्याचं नाव असतं तो. गंमत अशी की त्याने सुरुवातीला बनवलेले ते बॉक्स गिटारचे नव्हतेच. ते गळ्याचे होते. म्हणजे आपण ज्याला पीए म्हणतो ते, पब्लिक अ‍ॅड्रेस.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे हापिसातला एक मित्र. त्याने पैसे साठवून एक जुना व्हॉल्व्हवाला गिटार अ‍ॅम्प घेतला. नुसता अ‍ॅम्प, ज्याला हे लोक 'हेड' म्हणतात. स्पीकरचा बॉक्स वेगळा. तो घ्यायला खिशात काही उरलं नाही, आणि घेतला असता तरी चार स्पीकरचा तो बॉक्स घेऊन तिसरा मजला कोण चढणार? तेव्हा त्याचा प्रश्न असा : मांडववाल्याकडचे पीएचे बॉक्स पडून असतात, त्यांना हा अ‍ॅम्प जोडला तर चालेल का? दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण सगळी उत्तरं दोन वाक्यांत दिली तर विकांताला ब्लॉग कशाला लिहायचा?

तर आधी थोडं मागे जाऊ. लाउडस्पीकरने गर्दीला ऐकवायची सुरुवात भाषणापासून झाली. कॅलिफोर्नियातल्या नापा गावात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी एक यंत्र जुळवलं आणि त्याला नाव दिलं मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर ते लोकांना ऐकवलं. पुढे सप्टेंबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये याच यंत्रातून बोलले. समोर सुमारे ५० हजार माणसं. तोवर एवढ्या लोकांपर्यंत शब्द पोचवायचा तर पुढाऱ्याला घसा फोडावा लागे. मग १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा स्पीकर मांडला : चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, आणि त्याला चिकटवलेला कागदी कोन. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना अजून तीच आहे. (आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचा कोड पुरातत्त्व खात्याकडे द्यावा लागतो. असो.)

गिटार या घरात नंतर आली, भाडेकरू म्हणून. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्तीच्या जोडीला तो पीए बनवून खेळांच्या सामन्यांना आणि नाचाच्या कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा. म्हणजे आपल्याकडचा मांडववालाच म्हणा ना! त्याच्या सुरुवातीच्या कितीतरी अ‍ॅम्पवर एक भोक माइकसाठी आणि शेजारचं भोक वाद्यासाठी असायचं. एकच अ‍ॅम्प, एकच स्पीकर, त्यातूनच गाणारा गाणार आणि त्यातूनच गिटार वाजणार. आणि पन्नासच्या दशकात फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर कुठले? तर बऱ्याचदा जेन्सन कंपनीचे. ही कंपनी १९२७ मध्ये काढली ती नापावाल्या त्याच पीटर जेन्सनने. गोत्र एकच.

मग हे दोघे वेगळे कधी झाले? कोणी एका दिवशी ठरवून वाटणी केली नाही. जे स्वस्त होतं, हाताशी होतं, तेच गिटारवाल्यांच्या कानाला गोड लागायला लागलं, एवढंच झालं.

आता सायकलवाल्याकडे परत. १९६० मध्ये जिम मार्शलने पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला वाद्यांचं दुकान काढलं. तो ड्रम शिकवायचा, त्यामुळे ड्रमर यायचे आणि त्यांच्यामागे त्यांचे गिटारवाले मित्र. पीट टाउनशेंड त्यातलाच. फेंडरचे अमेरिकी अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये फार महाग पडत. तेव्हा मार्शल, त्याचा दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक तरुण इंजिनियर, अशा तिघांनी १९६२ मध्ये फेंडर बासमन समोर ठेवून जवळजवळ तसंच सर्किट बनवलं. तोच जेटीएम ४५.

सर्किट तेच, पण आवाज वेगळा. निम्मं कारण बॉक्समध्ये आहे. फेंडरचा बॉक्स मागून उघडा, दहा इंची चार स्पीकर. मार्शलने बारा इंची सेलेस्चन स्पीकर घेतले, आणि ते होते जेमतेम १५ वॅटचे. दोन घातले तर उडायचे. म्हणून चार घातले. ते चार मावतील एवढं लहानात लहान खोकं केलं आणि मागची बाजू फळीने बंद केली. रॉक संगीतातला सगळ्यात प्रसिद्ध आवाज कुठल्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. स्पीकर फाटू नयेत आणि खोकं गाडीत मावावं, या दोन सुतारी गरजांतून तो आला. मला हा भाग फार आवडतो.

आता मुद्द्याचं. हाय-फायच्या परीक्षेला बसवलं तर गिटारचा स्पीकर सपशेल नापास होईल. सेलेस्चनचा प्रसिद्ध ग्रीनबॅक घ्या : कंपनीच सांगते ७५ ते ५००० हर्ट्झ. त्याच्या वर आवाज कड्यावरून ढकलल्यासारखा खाली जातो. पीएचा बॉक्स मात्र पंधरा-वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो, कारण माणसाच्या बोलण्यातले स, श, त, ट नीट कळायचे तर वरचा पट्टा लागतोच. त्यासाठी मोठ्या स्पीकरच्या जोडीला छोटा भोंगा बसवतात.

गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झ आणि बावीस पडद्यांच्या गिटारवर सगळ्यात वरचा सुमारे ११७५. मग पाच हजार भरपूर झाले की! पण अ‍ॅम्पचा कान पिळून आवाज फोडला की लाटेची डोकी छाटली जातात, आणि छाटलेल्या लाटेतून मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे स्वर भराभर निघतात. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फूरिए शिकलेल्यांना आठवेल. कागदी कोन ही सगळी वरची कचकच गिळून टाकतो आणि खाली उरतं ते जाड, गोड गुरगुरणं. तीच लाट पीएमध्ये सोडा, भोंगा तिचा कण न् कण इमानदारीने ऐकवतो. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एकाने डिस्टॉर्शनचा पेडल सरळ मिक्सरला लावला होता. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या मॅडम उठून मागे गेल्या.

म्हणजे गिटारचा स्पीकर आवाज 'ऐकवत' नाही, तो आवाज बनवतो. तो वाद्याचाच भाग आहे, सतारीच्या भोपळ्यासारखा. लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ मध्ये आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या कोनावर ब्लेड चालवलं आणि त्या फाटक्या फडफडाटाने किंक्सचं 'यू रिअली गॉट मी' गाजवलं. पीएवाल्याच्या बॉक्सवर कोणी ब्लेड चालवलं असतं तर त्याने पोलिसात तक्रार केली असती.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे असं : स्वच्छ, न फुटलेला आवाज हवा असेल तर पीएचा बॉक्स चालतो, कधीकधी छानही वाटतो. गुरगुराट हवा असेल तर भोंगा बंद कर. आणि आवाजाआधी ओहम बघ. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला मागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्यावर ४, ८, १६ जे लिहिलंय तेवढ्याच ओहमचा बॉक्स हवा. स्पीकर न जोडता तर चालूच करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आजकाल पीएचे बरेचसे बॉक्स स्वतःच्या पोटात अ‍ॅम्प घेऊन येतात. त्यांच्या इनपुटमध्ये हेडचं स्पीकर आउटपुट खुपसलं तर एका झटक्यात दोघांचंही वाटोळं होऊ शकतं.

इतिहासात मात्र हे भांडण गोडव्यापेक्षा मोठेपणावरून पेटलं. १९६५ च्या सुमारास टाउनशेंडला द हू साठी आणखी मोठा आवाज हवा होता. मार्शलने १०० वॅटचा अ‍ॅम्प केला. मग टाउनशेंडने एकाच खोक्यात आठ स्पीकर मागितले. मार्शलने बजावलं की हे उचलणारी माणसं बोंब मारतील. तसंच झालं! शेवटी चार-चारचे दोन बॉक्स एकावर एक ठेवायचं ठरलं, आणि ती काळी भिंत जन्माला आली.

या सगळ्यात गाणाऱ्याचं काय? १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले. समोर ५५ हजारांवर माणसं, आणि ती सतत किंचाळत असलेली. गिटारसाठी व्हॉक्सने खास १०० वॅटचे अ‍ॅम्प दिले होते. गळ्यासाठी मुख्य भरवसा होता तो स्टेडियमच्या घोषणांच्या यंत्रणेवर, बेसबॉलचा कोणता खेळाडू मैदानात आला ते सांगणाऱ्या भोंग्यांवर. स्टेजवर स्वतःचा आवाज परत ऐकायची सोयच नव्हती. वर्षभराने, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे थांबवले. कारणं पुष्कळ होती, पण आपण काय गातोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही हे त्यातलं एक होतंच. विल्सनसाठी बनलेलं यंत्र पन्नास वर्षांनी गळ्यालाच पुरेनासं झालं होतं, कारण भाडेकरूने घर बळकावलं होतं.

पीएला पुन्हा बळ दिलं ते चार्ली वॉटकिन्सने. हाही लंडनचा. त्याने युक्ती साधी केली : एक राक्षसी अ‍ॅम्प बनवत बसण्यापेक्षा शंभर शंभर वॅटचे अ‍ॅम्प साखळीत जोडायचे आणि प्रत्येकाला आपापले स्पीकर द्यायचे. १९६७ च्या विंडसरच्या महोत्सवात त्याने असे १००० वॅट उभे केले. आम्ही आज एका सर्व्हरवर भार पेलेना की दहा छोटे लावतो, तेच हे.

आणि एका बँडने तर भिंतच पाडली, म्हणजे गिटारचे बॉक्स आणि पीए यांच्यामधली. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया फेंडर ट्विन रिव्हर्बचा फक्त पुढचा भाग वापरायचा. तिथून सिग्नल जायचा मॅकिंटॉशच्या हाय-फाय पॉवर अ‍ॅम्पला, आणि पुढे जेबीएलच्या स्पीकरना. त्याला गुरगुराट नको होता, दवाच्या थेंबासारखा स्वच्छ सूर हवा होता. मार्च १९७४ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये 'वॉल ऑफ साउंड' उभी केली : सुमारे सहाशे स्पीकर, २६ हजार वॅटच्या आसपास, प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे. ही भिंत बँडच्या मागे होती. प्रेक्षक जे ऐकत तेच वाजवणारेही ऐकत. पण मागचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये? त्यासाठी प्रत्येक गायकापुढे दोन माइक, उलट्या फेजमध्ये जोडलेले. गायचं एकातच. भिंतीचा आवाज दोघांत सारखा येतो म्हणून वजा होतो, गळा एकातच असतो म्हणून उरतो. वजाबाकीचा इतका सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. पण हा डोलारा वाहून न्यायचा खर्चच इतका की त्याच वर्षी ऑक्टोबरनंतर तो मोडीत निघाला.

सध्या पारडं पुन्हा पीएकडे झुकलंय, आणि त्याला आमचीच जमात जबाबदार आहे. १९८२ मध्ये बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने (हा एमआयटीचा इंजिनियर!) रॉकमन नावाची कमरेला लावायची डबी काढली. हेडफोनमध्ये मोठ्या बॉक्ससारखं वाटावं म्हणून तिच्यात वरचे स्वर कापणारे फिल्टर होते. आता तेच काम सॉफ्टवेअर करतं. बॉक्ससमोर माइक ठेवून त्याचा इम्पल्स रिस्पॉन्स मोजायचा, आणि गिटारच्या सिग्नलशी त्याचं कन्व्होल्यूशन करायचं. मग पीएचा बॉक्स जेवढा प्रामाणिक तेवढा चांगला, कारण खोटं बोलायचं काम आधीच उरकलेलं असतं. बॉक्सजवळ उभं राहिल्यावर पोटऱ्यांना हवा लागते ती यात येत नाही, हे खरं. पण हिशोब बघा : ४८ हजार नमुने दर सेकंदाला, २४ बिट, एक पंचमांश सेकंद. चार सेलेस्चन, प्लायवूडचं खोकं, बंद फळी, सगळं मिळून तीस केबीसुद्धा नाही. आमच्या हापिसाच्या ईमेलखाली जो लोगो चिकटतो तो याच्या तिप्पट आहे.