वेळास

वेळास : रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, मंडणगड तालुक्यात, अरबी समुद्रालगत वसलेले एक लहान खेडे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी बाणकोटच्या खाडीच्या रूपाने जेथे समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तरेस रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर व दक्षिणेस बाणकोटचा हिंमतगड असून, हा किल्ला मागे टाकून किनाऱ्याने थोडे दक्षिणेस गेले, की डोंगर आणि समुद्र यांच्या सांदीत दडलेली ही वस्ती लागते.

वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्याच्या उतारावर आंबा-काजूची झाडी, पायथ्याशी भातखाचरे व नारळी-पोफळीची आगरे, आणि सर्वांच्या पलीकडे वाळूची पुळण, अशी या किनारपट्टीची ठेवण आहे. पाऊस येथे भरपूर पडतो. तथापि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी झिरपून जाते, आणि आषाढात ज्या सड्यावरून लोट वाहतात तोच चैत्रात ठणठणीत कोरडा पडतो. म्हणून वस्ती सड्यावर न होता खाली, विहिरींच्या आश्रयाने झाली. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरील बागा आडव्या केल्या. नवे रोप धरू लागण्यास पाचसात वर्षे जात असल्यामुळे बागायतदारास त्या एका दिवसाचा हिशेब पुष्कळ काळ चुकवावा लागतो.

बाणकोट १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतले व त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. वेळासचे नाव इतिहासात राहिले ते मात्र नाना फडणीसांमुळे. पेशव्यांची फडणिशी सांभाळणारे त्यांचे भानू घराणे मूळचे येथील. ते घराणे घाटावर गेले, आणि नानांचा स्वतःचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला. भाग्योदयासाठी घाट चढून जाण्याची ही रीत पुढे मुंबईच्या गिरण्या व कचेऱ्यांकडे वळली, आणि कोकणच्या लोकसंख्येचा विचार तिच्यावाचून करताच येत नाही.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वी ती १६,९६,७७७ होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. देशभर हे प्रमाण स्त्रियांच्या विरुद्ध असता येथे ते उलटे दिसते, याचे श्रेय कोणी सामाजिक प्रगतीस देऊ नये. कर्ते पुरुष मुंबईत नोकरीस असतात, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. शिवाय शिरगणती झाली फेब्रुवारीत, म्हणजे चाकरमानी शिमग्यासाठी यावयाच्या आधी. गणपतीत तीच घरे माणसांनी भरतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर या अनुपस्थितांची, आणि पुष्कळदा त्यांच्या मयत आजोबांचीही, नावे असतात. जनगणनेच्या तक्त्यात ती नसतात. खेड्याची वस्ती किती, या प्रश्नास त्यामुळे महसुली दप्तराचे उत्तर एक व शिरगणतीचे दुसरे, असा प्रकार होतो.

वेळासच्या पुळणीवर आणखीही एक हंगामी वस्ती असते. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री वाळूवर येतात, मागील वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा उकरून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, आणि तो बुजवून समुद्रात परततात. ही अंडी पूर्वी माणसे, कुत्री व कोल्हे यांच्या तोंडी पडत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे वाळूवरील माग काढून कासवमित्र घरट्यातील अंडी जाळीच्या कुंपणात हलवितात व मूळच्याच खोलीवर पुन्हा पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी त्या जागेवर टोपली पालथी घालतात, आणि ती उचलली असता खाली पिल्ले वळवळताना दिसली, की त्यांना समुद्राकडे सोडून देतात. वाळू अधिक तापल्यास माद्या अधिक निपजतात. या गणतीत मुंबईचा संबंध नाही.

पिल्ले पाहण्यास येणाऱ्यांची सोय गावातील घरांतच होते, व केळीच्या पानावरील भात, आमटी आणि उकडीचे मोदक यांचे चार पैसे गृहिणींच्या हाती पडतात. मुंबईकडून येणाऱ्यास बागमांडला-वेसवी फेरीने खाडी ओलांडता येते. एरवी मंडणगडाहून बाणकोटमार्गे सडक आहे.