बुद्धिबळ : देशी नियमांचे रूपांतर

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे नियम यूरोपीय नियमांहून भिन्न होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची चाल करता येई. शेवटच्या रांगेत पोहोचलेले प्यादे सामान्यतः त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. प्रतिपक्षाचा केवळ राजा उरल्यास बुर्जी होई, म्हणजे विजय पूर्ण मानीत नसत. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. यांत स्थानपरत्वे फरक असल्याने डाव मांडण्यापूर्वी नियम ठरवून घेणे इष्ट असे.

बुर्जीच्या नियमाने डावाच्या अखेरीस निराळेच कौशल्य लागे. वरचढ खेळाडूला शत्रूचे शेवटचे मोहरे मारण्याऐवजी जपावे लागे आणि ते पटावर असतानाच मात साधावी लागे. यूरोपीय पद्धतीत हा पेच उरत नाही.

नियमांतराचा एक जुना प्रयत्न पेशवाईच्या अखेरच्या काळातला आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथातील कूटे १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ती यूरोपीय खेळास अनुरूप केल्याचे शीर्षकातच नमूद आहे. कूटांची निवड यास सोयीची होती. दोन्ही पद्धतींतील ठळक भेद डावाच्या आरंभी दिसतात. मोजकी मोहरी उरलेल्या स्थितीत मुख्यतः प्याद्याची बढती आणि बुर्जी एवढेच आड येतात.

यूरोपीय नियम सोपे म्हणून रूढ झाले, असे मात्र म्हणता येत नाही. प्याद्याला दोन घरे देताच त्याला जाता जाता मारण्याचा नियमही शिकावा लागतो. त्यांचे बळ सर्वत्र एकच असण्यात होते. देशी पद्धतीत वाढलेल्या पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी नवे नियम आत्मसात करून १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. डावाचा आरंभ हे मात्र त्यांचे दुबळे अंग राहिले.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत (१९५५) महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूरशेजारी सांगलीस, भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धा नेटाने भरविल्या. जुन्या कूटांच्या अभ्यासकाला मात्र आजही आधी बुर्जीचा नियम समजून घ्यावा लागतो. एरवी हाताशी आलेले मोहरे न मारता सोडून देणारी चाल त्याला निरर्थक वाटते.