माउस नक्की कोण हलवतंय?

मंडळी, आपल्या साइटवर काल किती माणसं आली, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. २०१५ साली मी स्वतः त्यात फसलो होतो. माझ्या छोट्याशा साइटचा आकडा महिन्याभरात तिप्पट झाला. फक्त पेढे वाटायचे बाकी होते! मग सर्व्हरचा लॉग उघडला, तर त्या पाहुण्यांची एकही नोंद नाही. ते आलेच नव्हते. कोणीतरी गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या खात्यांचे नंबर अंदाजाने ठोकून 'भेट झाली' असं परस्पर गूगललाच कळवत होतं. हेतू एवढाच, की रिपोर्टमध्ये त्याच्या साइटचं नाव दिसावं आणि मी कुतूहलाने तिथे जावं. (गेलोही होतो. असो.)

सुरुवातीचे बॉट असे लबाड नव्हते. १९९३ मध्ये एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रेने वेब केवढं आहे हे मोजायला 'वाँडरर' लिहिला, पर्लमध्ये. पुढच्याच वर्षी मार्टाइन कॉस्टरने रोबोट्स.टीएक्सटी सुचवली. ही फाइल म्हणजे दारावरची पुणेरी पाटी, कुलूप नव्हे. पाटी मानणारे बॉट लॉगमध्ये स्वतःचं नावही सोडून जात, त्यामुळे त्यांना वगळणं सोपं. २००५ मध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स आलं, तेव्हा नाव लपवणारेही बरेचसे आपोआप गळले, कारण मोजणी जावास्क्रिप्टने व्हायची आणि बहुतेक बॉटना ती चालवताच येत नसे. थोडक्यात, आपण बॉट ओळखत नव्हतोच, त्यांच्या अडाणीपणावर भागत होतं.

ते दिवस किती संपलेत हे 'मेथबॉट'ने दाखवलं. २०१४ ते २०१६ चाललेल्या या उद्योगाबद्दल अमेरिकी सरकारी वकिलांनी मांडलेला तपशील भन्नाट आहे. डेटा सेंटरमधली मशीन्स, खोटा ब्राउझर, खोटा माउस. तो स्क्रोल करायचा, क्लिक करायचा, व्हिडिओ मध्येच बंद करायचा (माणूस कंटाळतो ना!), वर सोशल साइटवर लॉग-इन असल्याचं भासवायचा. साडेसहा लाखांहून जास्त आयपी पत्ते भाड्याने घेतलेले, आणि ते अमेरिकेतल्या घरगुती कनेक्शनचे आहेत अशी खोटी नोंदणी. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलर्सहून जास्त पैसे गेले, ते कोणीही न पाहिलेल्या जाहिरातींवर. डिसेंबर २०१६ मध्ये व्हाइट ऑप्स कंपनीने हे उघड करताना आयपी पत्त्यांची यादीच जाहीर केली. सूत्रधार अलेक्सांद्र झुकोव्हला २०२१ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

माझा आकडा आता पुन्हा दिवसाला पन्नासच्या आसपास असतो. त्यातले बरेच जण लेख अर्ध्यावर सोडून जातात. पूर्वी वाईट वाटायचं, आता म्हणतो, माणसंच असतील. पण अर्ध्यावर सोडणं तर मेथबॉटलाही जमत होतं की!