काळं ऑइल पुन्हा सोनेरी झालं, तर घ्याल का?

आज एक अगदी साधा प्रश्न घेऊन आलोय. बाईक सर्व्हिसिंगला टाकली आहे. मेकॅनिकने ऑइलचे दोन डबे समोर ठेवले. ग्रेड तोच, किंमतही जवळपास तीच. एकावर फक्त कंपनीचं नाव आहे. दुसऱ्यावर कंपनीच्या नावाखाली अजून एक ओळ आहे: 'वापरलेल्या ऑइलपासून पुन्हा शुद्ध केलेलं'. तुम्ही कुठला डबा उचलाल?

बहुतेक जण पहिला उचलतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चार-पाचशे रुपये वाचवायला गेलो आणि इंजिन बसलं तर खर्च हजारोंमध्ये जातो. पण हा नकार नेमका आला कुठून? ऑइल खरंच वाईट असतं म्हणून, की आपल्याला कुणीतरी आधी फसवलंय म्हणून? आजच्या एपिसोडमध्ये हाच इतिहास बघू. तो नाशिकच्या गॅरेजांपासून अमेरिकेपर्यंत जातो आणि न्हावाशेवा बंदरावरून परत येतो.

ऑइल खराब होतं म्हणजे काय होतं?

वंगण आपल्याला नवीन नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावायचे, तेव्हापासून ते आपल्या ओळखीचं आहे. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलंय. १८९९ मध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांनी ही कंपनी सुरू केली, आणि त्यांच्या सुरुवातीच्या इंजिन ऑइलमध्ये एरंडेल असायचं.

आजच्या इंजिन ऑइलमध्ये मात्र दोन गोष्टी असतात. मोठा हिस्सा बेस ऑइलचा, म्हणजे क्रूडमधून काढलेल्या मूळ तेलाचा. उरलेला हिस्सा ॲडिटिव्हचा: झीज कमी करणारे, काजळी धरून ठेवणारे, गंज रोखणारे. काही हजार किलोमीटर गाडी पळाली की ॲडिटिव्ह संपत येतात. ऑइलमध्ये काजळी, धातूचा चुरा, पाणी आणि थोडं पेट्रोल-डिझेल मिसळतं. ते काळं पडतं, आपण ते काढून टाकतो.

गंमत अशी की त्या काळ्या ऑइलमधलं बेस ऑइल बऱ्याच अंशी शाबूत असतं. ते मळलेलं असतं, मेलेलं नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा एक जुना हिशोब आहे. सुमारे १५९ लिटर क्रूडमधून जेवढं नवीन वंगण निघतं, तेवढंच, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास, पावणेचार लिटर वापरलेल्या ऑइलमधून परत मिळवता येतं. क्रूडचा मोठा भाग आयात करणाऱ्या देशासाठी हा आकडा छोटा नाही.

नाशिकचं काळं ऑइल

आता नाशिककडे येऊ. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. १९६९ मध्ये सातपूरला मायको आली, जिला आज आपण बॉश म्हणतो. पुढे महिंद्रा आली, अंबड वसाहत उभी राहिली. मुंबई-आग्रा महामार्ग तर शहराच्या पोटातूनच जातो. त्यामुळे ट्रक आले, द्राक्षं आणि कांदा नेणाऱ्या गाड्या आल्या, आणि द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात गॅरेजं आली. बाईकमधून लिटरभर, कारमधून तीन-चार लिटर, ट्रकमधून त्याच्या कितीतरी पट काळं ऑइल निघत राहिलं.

ते जायचं कुठे? मेकॅनिक ते ड्रममध्ये साठवायचा आणि एक माणूस येऊन विकत घेऊन जायचा. थोडं सेंट्रिंगच्या प्लेटांना लागायचं, थोडं लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, थोडं भट्ट्यांमध्ये जळायचं. हे सगळं आजही चालतं. सांडलेलं ऑइल पावसाबरोबर गटारात जातं. गटार नाल्याला मिळतं, नाला नासर्डीला मिळतो. नासर्डी सातपूरकडून येते आणि पुढे गोदावरीला मिळते. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. रामकुंडात कोण काय सोडतं यावर आपण भरपूर बोलतो, पण गॅरेजमधल्या त्या ड्रमवर फारसं कुणी बोलत नाही.

आणि काही ऑइल 'रिसायकल' व्हायचं. आपल्या अविश्वासाचं मूळ इथे आहे.

ॲसिड, माती आणि बदनामी

जुनी पद्धत अशी होती: काळं ऑइल तापवायचं म्हणजे पाणी उडून जातं. मग त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. घाण डांबरासारखी खाली बसते. वरचं तेल मुलतानी मातीच्या जातीच्या मातीबरोबर गरम करून गाळायचं. रंग उतरतो आणि तेल सोनेरी दिसायला लागतं. भांडवल कमी, तंत्र सोपं, त्यामुळे देशभर असे छोटे कारखाने निघाले.

दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे तो आम्लयुक्त डांबरी गाळ आणि तेलकट माती. ती कुठेतरी मोकळ्या जागेवर टाकली जायची. दुसरी म्हणजे रंग उतरला तरी सगळी घाण निघालेली असेलच असं नाही. तेल दिसायला नवं, गुण मात्र बेभरवशाचे.

असं तेल कधी 'लूज' म्हणून विकलं गेलं, कधी नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून. म्हणूनच चांगला मेकॅनिक ऑइल ओतल्यावर डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो. ती सवय उगाच आलेली नाही. सरकारने १९८७ मध्ये वंगण तयार करणं, पुरवणं आणि विकणं यावर नियंत्रणाचा आदेश काढला. १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले. २००३ च्या दुरुस्तीने ॲसिड-मातीची पद्धत सोडायला लावली.

म्हणजे आपला ग्राहक 'रिसायकल ऑइल कधीच घेत नाही' हे खरं नाही. त्याने ते अनेकदा घेतलंय. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेत उलटं झालं

तिकडे १९६० च्या दशकात ऑइल पुन्हा शुद्ध करणारे शे-दीडशे कारखाने होते. १९६४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: असं ऑइल विकायचं असेल तर 'आधी वापरलेलं' हे डब्यावर स्पष्ट छापा. हेतू चांगला होता, ग्राहकाला खरं कळलं पाहिजे. पण डब्यावर ती ओळ आली आणि धंदा आटत गेला. कारणं अजूनही होती. करातली सवलत गेली, आणि नव्या ऑइलमधले ॲडिटिव्ह जुन्या पद्धतीने नीट निघेनात. पण त्या लेबलाने मोठा घाव घातला.

त्या लेबलात काय चुकलं होतं? ते खोटं नव्हतं. पण त्याने फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं: हे ऑइल कुठून आलं? ग्राहकाला हवं होतं दुसरंच उत्तर: हे माझ्या इंजिनात चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाला हात घालायला तेलटंचाई यावी लागली. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ च्या ऊर्जा कायद्यात असं ठरलं की रिसायकल ऑइल नव्याच्या तोडीचं आहे का, हे तपासायच्या कसोट्या तयार करायच्या. तरी प्रत्यक्ष नियम बदलायला १९९५ उजाडलं. तेव्हापासून कसोटीत उतरलेलं ऑइल 'नव्याच्या बरोबरीचं' असं सांगून विकता येऊ लागलं. मधल्या काळात, १९९३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांना पुन्हा शुद्ध केलेलं ऑइल घ्यायचा आदेश दिला होता. म्हणजे सुरुवात सरकारी गाड्यांपासून झाली. २०११ मध्ये व्हॅल्वोलीनने निम्मं रिसायकल ऑइल असलेला ब्रँड स्वतःच्या नावाने बाजारात आणला.

तंत्रही बदललं होतं. आता ॲसिड नाही. ऑइल निर्वात टाकीत तापवतात. निर्वात कशासाठी? हवेचा दाब नसला की तेल कमी तापमानाला उकळतं आणि करपत नाही. मग निघालेल्या तेलावर जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात, त्याने गंधक आणि इतर नकोसे पदार्थ निघतात. त्यात ताजे ॲडिटिव्ह घातले की ते नव्या ऑइलच्याच परीक्षेला बसतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट परवाना देताना दोघांना एकच पेपर देते. वेगळा, सोपा पेपर नाही.

न्हावाशेव्याचे १३३ कंटेनर

आपल्याकडे मात्र विश्वासाला अजून एक तडा गेला, आणि तोही महाराष्ट्रातच. १९९५ मध्ये घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्ध रिसर्च फाउंडेशन फॉर सायन्स या संस्थेने सुप्रीम कोर्टात याचिका केली होती. त्या खटल्यात न्हावाशेवा बंदरावर पडून असलेले १३३ कंटेनर समोर आले. कागदावर वंगण तेल होतं. आत निघालं टाकाऊ तेल, घातक कचरा. आयातदार होते १५. जानेवारी २००५ मध्ये कोर्टाने आदेश दिला की हा माल भट्टीत जाळून नष्ट करा आणि खर्च आयातदारांकडून घ्या.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. आपल्या नियमांत 'वापरलेलं तेल' आणि 'टाकाऊ तेल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात शिशासारखे विषारी घटक ठरलेल्या मर्यादेत असतात, ते पुन्हा शुद्ध करता येतं. दुसऱ्यात सांडलेलं, टाकीच्या तळाचं, भलतंसलतं मिसळलेलं तेल येतं. बाहेरून दोन्ही काळीच. फरक कळतो तो प्रयोगशाळेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर ग्राहकाने विश्वास ठेवायचा असेल, तर मधे कुणीतरी प्रामाणिक साक्षीदार लागतो.

नवा कायदा काय म्हणतो?

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने वापरलेल्या तेलासाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम काढले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना रिसायकलिंगचं लक्ष्य दिलंय. सुरुवात ५ टक्क्यांपासून, मग टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत. गोळा करणारे, रिसायकल करणारे आणि उत्पादक, सगळ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची.

बघा, लक्ष्य कंपन्यांवर आहे. तुम्हाला-मला कुणी विचारलेलंच नाही. एका परीने हा शहाणपणा आहे. 'लोक घेतील का' या प्रश्नावर अमेरिकेची तीस वर्षं गेली. आपण तो प्रश्नच बाजूला ठेवला आणि सरळ पुरवठ्याकडून सुरुवात केली.

पण माझी एक शंका आहे. ग्राहकाला न सांगता रिसायकल ऑइल विकण्याचा अनुभव आपल्याकडे आधीच आहे, आणि तो चांगला नाही. उद्या एखाद्याच्या इंजिनात बिघाड झाला, कारण काहीही असो, आणि त्याला कळलं की ऑइलमध्ये न सांगता रिसायकल माल होता, तर तो चांगल्या-वाईटात फरक करणार नाही. सगळ्यांनाच एका माळेचे मणी म्हणेल. तेव्हा सांगायला हवंच, पण नीट सांगायला हवं. यात काय आहे, हे कुठल्या कसोटीत उतरलंय आणि जबाबदारी कुणाची, या तिन्ही गोष्टी एकत्र.

आपण रिफर्बिश्ड फोन घेतोच ना? रस्त्यावरच्या माणसाकडून घेताना दहा वेळा विचार करतो, पण बिल आणि वॉरंटी असेल तर घेतो. फोन आधी वापरलेला आहे हे दोन्हीकडे माहीत असतं. आपण भरोसा ठेवतो तो बिलावर सही करणाऱ्यावर.

म्हणून माझ्या मते सुरुवात एसटीपासून, महापालिकेच्या गाड्यांपासून व्हावी. तिथे किलोमीटरची नोंद असते, वर्कशॉप असतं, ऑइलचा नमुना तपासता येतो. नाशिक विभागातल्या बसने दोन वर्षं असं ऑइल वापरलं आणि आकडे जाहीर केले, तर त्याच्यापुढे कुठल्याही जाहिरातीची गरज उरणार नाही.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. सर्व्हिसिंगला गेलात की रिकाम्या डब्याला भोक पाडायला सांगा. आणि मेकॅनिकदादांना एवढंच विचारा, "दादा, हे काळं ऑइल कोण नेतं?" नोंदणी असलेला माणूस नेत असेल तर त्याची पावती असेल. उत्तर नाही मिळालं, तर तुमचंच ऑइल उद्या कुठल्या तरी डब्यात सोनेरी होऊन तुमच्यासमोर येऊ शकतं, आणि त्यावर कुठलीच ओळ छापलेली नसेल.

तुम्ही तो दुसरा डबा घ्याल का, आणि काय पाहून घ्याल, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.